घेतला म्हणा

“घेतला म्हणा, सर. तुम्ही म्हणत नाही तोवर मी इथून हालत नाही.”

वर्ग संपलेला असायचा. बाकीची पोरं जिन्यावरून धडाधड उतरून गाड्यांना किक मारत असायची, आणि ही साठी ओलांडलेली बाई काखेत लांबडं रजिस्टर धरून माझ्या टेबलासमोर ताठ उभी असायची. मग एकेक शब्द तोलून, चक्क स्पॅनिशमध्ये, मला वर्गाची हकिकत सांगायची. खिडकी बंद केलेली. फळा पुसलेला. पंखा चालू ठेवलेला. निळा मार्कर सुकलेला. आणि शेवटी माझ्याकडे नीट बघून, “एल प्रोफेसोर, कान्सादो.” म्हणजे सर थकलेले.

मी थकलेलोच असायचो आणि मला घरी जायचं असायचं. “हो हो, सिस्टर, निघा आता,” म्हटलं तर ती ढिम्म. ‘घेतला’ म्हटलं की मान डोलवायची, पदर सारखा करायची आणि जायची.

सगळे तिला सिस्टरच म्हणत, मीही तेच म्हणायचो. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात तिने नर्स म्हणून छत्तीस वर्षं काढली होती आणि हे ‘घेतला’ प्रकरण तिथलंच होतं. ड्युटी बदलताना जुनी सिस्टर नव्या सिस्टरला प्रत्येक पेशंटचं सगळं सांगते. काय दिलं, काय केलं, पेशंट कसा आहे. त्याला त्यांच्यात ‘ओव्हर देणं’ म्हणतात. आमच्या सिस्टरचा नियम असा, की ओव्हर टेबलाशी बसून द्यायचा नाही. खाटेजवळ उभं राहून, पेशंटला ऐकू जाईल असा द्यायचा. आणि समोरचीने ‘घेतला’ म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही.

“काहून इतकं?” एकदा मी तिच्याच भाषेत विचारलं.

“मंग? तिनं घेतला म्हणलं नाही, मी निघून गेली, अन् मधल्या पाच मिनिटात काही झालं, त तो पेशंट कोनाचा? सांगा ना तुम्ही.”

याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर बघा.

आता तुम्ही विचाराल, रिटायर नर्स आणि स्पॅनिश, हे काय त्रांगडं आहे? आधी माझंच सांगतो. मी नागपुरात स्पॅनिश शिकवतो. हसून घ्या, माझे सासरे अजून हसतात. एका कंपनीने मला यंत्रं बसवायला दोन वर्षं स्पेनला पाठवलं होतं, तिथून ही भाषा घेऊन आलो. रविवारी सकाळी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर वर्ग घेतो. जिना एकच. त्यामुळे दर रविवारी गोंदिया-गडचिरोलीकडून आलेलं कोणी ना कोणी हातात लघवीची बाटली घेऊन थेट माझ्या वर्गात येऊन उभं राहतं. पूर्वी मी त्यांच्यावर खेकसायचो. सिस्टर आल्यापासून ते काम तिने आपल्याकडे घेतलं. “या बाबा, इकडं. खाली आहे ते. उपाशी आले ना? शाबास,” असं म्हणत ती त्यांना हाताला धरून खाली पोचवून यायची. तेवढा वेळ वर्ग थांबायचा. मी कुरकुर केली की म्हणायची, “सर, तुमचं क्रियापद कुठं पळून चाललं?”

ती पहिल्यांदा आली तो दिवाळीनंतरचा रविवार होता. पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, हातात डबा. मला वाटलं, हीही लॅबसाठीच आलेली.

“नाव लिहायचं आहे,” म्हणाली.

“कोणाचं? नातवाचं?”

“माहं.”

मी समजावून सांगितलं. बाई, हा कोर्स कॉलेजच्या पोरांसाठी आहे, वेग फार असतो, तुम्हाला झेपायचं नाही. खरं सांगायचं तर मला ती नको होती. एक म्हातारी वर्गात असली की सगळं चार वेळा सांगावं लागतं, अशी माझी समजूत.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. “सर, मले पूरी भाषा नको. अर्धी द्या. पण पक्की द्या.”

मग कारण कळलं. तिचा एकुलता एक मुलगा पवनचक्क्यांच्या कामात स्पेनला असतो. चार वर्षांपूर्वी त्याने तिथलीच मुलगी केली. तिची आई, म्हणजे सिस्टरची विहीण, डोंगरातल्या एका लहान गावात एकटी राहते. तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं. मुलगा आणि सून दोन तासांवरच्या शहरात नोकरीला. कामाला ठेवलेल्या दोन बायका विहिणीने हाकलून लावल्या, कारण त्या तिला न बोलता, पोतं उलटवल्यासारखं कुशीवर वळवायच्या. तिला वृद्धाश्रमात हलवायचं चाललं होतं आणि ती त्या एका गोष्टीला घाबरून रात्रंदिवस रडत होती. माझ्या घरातून मला काढू नका, एवढंच म्हणायची. सुनेची बदली आईच्या गावाजवळ होणार होती, पण तिला जून उलटून जाणार होता. मार्चपर्यंत शेजारणी कसंबसं निभावणार होत्या, पुढचे तीन महिने काय करायचं, हा प्रश्न होता.

“पोरगा फोनवर रडून राहिला. मी म्हणलं, मी येते. तो म्हणे, आई, तुले भाषा येत नाही, तू तिच्याशी बोलशील कशी? मी म्हणलं, थांब मंग. शिकून येते.”

एवढं सांगून तिने पेन उघडलं आणि रजिस्टर पुढ्यात ठेवलं. मी नाव लिहून घेतलं.

तिसऱ्या रविवारी आमचं पहिलं भांडण झालं. मी पुस्तकाप्रमाणे चाललो होतो. मी खातो, तू खातोस, आम्ही बाजारात जातो. सिस्टरने हात वर केला.

“सर, ‘केलेलं’ कसं म्हणते?”

“ते अकराव्या धड्यात आहे. आपण दुसऱ्यात आहोत.”

“अकरावा कधी येते?”

“मार्चमध्ये.”

“मी मार्चपर्यंत बाजारातच जात राहू का?” वर्ग हसला. ती हसली नाही. “खाटेजवळ दोनच गोष्टी बोलाव्या लागते, सर. एक, काय काय केलेलं आहे. दोन, पेशंट कसा आहे. थकलेला, बसलेला, ओला झालेला, घाबरलेला. माहं आख्खं आयुष्य या दोन गोष्टीत गेलं. तेवढं द्या. बाकी तुमच्या पोरांले शिकवा.”

मी चिडलो होतो, म्हणून तिची फजिती करावी अशा बेताने तो अकरावा धडा मी तिथेच फळ्यावर उतरवला. स्पॅनिशमध्ये एकच शब्द ही दोन्ही कामं करतो. ‘जेवण झालंय’, ‘धुऊन झालंय’ असं केलेलं काम सांगायचं असेल, तर तो शब्द बदलत नाही. बाईने केलं, पुरुषाने केलं, दहा जणांनी केलं, तो तसाच. पण तोच शब्द माणसाला लावला, की माणसाप्रमाणे फिरतो. थकलेला पुरुष ‘कान्सादो’, थकलेली बाई ‘कान्सादा’. आमची इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा इथे महिनाभर अडखळतात.

सिस्टर फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरोबर आहे. काम कोनीही केलं तरी काम तेच. पेशंट मात्र एकासारखा दुसरा नसते.”

आणि खाली मान घालून तिने रजिस्टरच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘केलेलं’, उजवीकडे ‘कशी आहे’.

आठ वर्षं मी तो धडा शिकवत होतो. नियम पाठ, अपवाद पाठ, परीक्षेत कुठे मार्क जातात तेही पाठ. पण या नियमात कोणीतरी खाटेवर पडलेलं आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. मी मार्करचं टोपण लावलं आणि फळ्यावरचं सगळं पुन्हा वरपासून वाचलं.

त्यानंतर ती ज्या झपाट्याने शिकत गेली, ते बघून मी तोंडात बोट घालायचं बाकी ठेवलं होतं. दर रविवारी रजिस्टरची चार पानं भरलेली असायची. अंघोळ घातलेली, केस विंचरलेले, उशी बदललेली, पाठ चोळलेली. नियमाबाहेरचे शब्द असतात, जे पाठच करावे लागतात, त्यांना ती ‘हट्टी पेशंट’ म्हणायची. “याले वेगळं सांभाळा लागते,” असं म्हणून त्यांच्यापुढे लाल फुली करायची. बारा हट्टी पेशंट मी दिले होते, तिने अकराच उतरवले. बाराव्याची ओळ कोरी. तो शब्द होता ‘मेलेला’.

“हा राहिला, सिस्टर.”

“राहू द्या. ड्युटीवर हा शब्द आमी बोलत नाही.”

जानेवारीत मी चाचणी घेतली. कालच्या दिवसावर दहा वाक्यं लिहा. सिस्टरने एका कल्पित पेशंटचा आख्खा दिवस लिहिला होता. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, पण एकाही वाक्यात धड क्रियापद नव्हतं. नुसतं केलेलं, दिलेलं, झोपलेली, बसवलेली. मीही मास्तरच. खुन्नस काढल्यासारखं लाल शाईने लिहिलं, ‘वाक्यं कुठे आहेत?’ आणि शेजारी भोपळा काढला.

तिने तो पेपर वाचला, घडी घातली, रजिस्टरमध्ये ठेवला. त्या दिवशीही ओव्हर दिला आणि मी ‘घेतला’ म्हणालो. पण पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला चैन पडेना. आपण एका आईच्या वयाच्या बाईला भोपळा दिला, हे मनातून जाईना. बुधवारी संध्याकाळी पत्ता शोधत तिच्या घरी गेलो. अजनीकडे रेल्वे लाइनजवळ तिचं दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत खाटेवर तिचे मिस्टर गळ्यापर्यंत चादर ओढून पडलेले. रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ, मोठ्या मिशा.

“या सर, बसा. मले उठता येत नाही. माही डावी बाजू गेलेली आहे.”

मी दारातच थबकलो. तेवढ्यात आतून आवाज आला, “कंबर गेलेली आहे म्हणा! डावी बाजू पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत होती. आता तुम्ही सुट्टीवर आहे.”

प्रकरण असं होतं. नोव्हेंबरपासून सिस्टर रोज नवऱ्याला पेशंट करून सराव करत होती. डावा हात हलवायचा नाही, डावा पाय हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद. अंगाला हात लावण्याआधी स्पॅनिशमध्ये सांगायचं, मग वळवायचं, मग काय केलं ते सांगायचं, मग विचारायचं, थकली का? ओली झाली का? असा वळवता वळवता तोल गेला आणि मिस्टरांची कंबर लचकली. म्हणून दोन रविवार खाडा. भोपळ्याचा त्यात काही संबंधच नव्हता.

“तीन महिन्यांपासून मी बाई आहे, सर,” मिस्टर खाटेवरून म्हणाले. “मले कान्सादा म्हणते. मी हिले म्हणलं, अवं, तुह्या सरनं त पुरुषाले कान्सादो सांगितलं.”

“मले तिथं बाईसंगं बोलायचं आहे,” सिस्टर चहा घेऊन आली. “सवय बाईचीच पाहिजे. घाईत तोंडून दुसरं निघालं, त तिले वाटन, हे माह्याशी नाही बोलून राहिली.”

मला हसू आवरेना. मी पेपरबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, “काहून गा, सर? डॉक्टर लोक यापेक्षा जास्त बोलते.” आणि माझ्या कपात आणखी साखर घातली.

मग मी विचारू नये ते विचारलं. सिस्टर, सुनेची आई म्हणजे तशी परकीच. भाषा परकी, देश परका. तुम्ही या वयात, मिस्टरांना एकटं टाकून, एवढा जीव का काढता?

तिने साखरेचा डबा बंद केला. मिस्टरांनीच सांगितलं.

मुलाचं लग्न नागपुरात झालं होतं. विहीण तेव्हा धडधाकट होती, भिवापुरी मिरचीचा रस्सा खाऊन डोळे पुसत पुसत पुन्हा मागून घेतला म्हणे. हॉलमध्ये मिस्टरांच्या बहिणीने सुनेमार्फत तिची थट्टा केली. आमच्यात नवरीची आई विहिणीचे पाय धुते, तुम्ही अजून बसूनच? नुसती चेष्टा होती. त्या बाईने ती खरी धरली. कुठून तरी घमेलं आणलं, पाणी आणलं आणि भर मांडवात सिस्टरसमोर खाली बसली.

“आमच्या घरात हे चालत नाही,” सिस्टर आता बोलायला लागली. “माहे बाबा छप्पन साली दीक्षा घेऊन पायी आमच्या गावी, खाप्याले आले. तेव्हापासून कोनी कोनापुढं वाकाचं नाही, हा घरातला नियम. मी पाय मागं ओढून राहिली. नको, नको म्हणून राहिली. तिले काय समजते? तिनं टाच धरली. भेगा पडलेल्या माह्या टाचेले. बारा-बारा घंटे उभं राहून झालेल्या भेगा त्या. तिनं त्याच्यावर हात फिरवला, हळू. धुतले. अन् मंग आपल्या पदरासारखा तो शेला होता तिचा, त्यानं पुसले.”

तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं.

“बोटांच्या मधात पुसलं, सर. एकेक बोट. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाले हेच शिकवते, बोटांच्या मधात ओल राहाले नको. मानासाठी धुणारी असं पुसत नाही. छत्तीस वर्षं मी लोकांचे पाय धुतले. माहे कोनी धुतले नव्हते. तिनं धुतले.”

मिस्टरांनी चादरीतून हात काढून मिशा पुसल्या. हात डावा होता, पण सिस्टरने तेव्हा टोकलं नाही.

मी घरी आलो आणि त्या आठवड्यात नवा अभ्यासक्रम लिहिला. तिच्यासाठी वेगळा. बाजार काढला, हॉटेल काढलं, विमानतळावरचा संवाद ठेवला. बाकी सगळं खाटेजवळचं. वर्गातल्या पोरांना विचारलं, तुम्हीही हेच करता का? करू म्हणाली. मार्च संपेतो आमचा वर्ग म्हणजे वॉर्डच झाला होता. एक पोरगं टेबलावर आडवं पडायचं, बाकीचे त्याला वळवायचे आणि सिस्टर चुका काढायची. “आधी सांग, मंग हात लाव. त्याले कळू दे काय होणार आहे.” आता मला सांगा, भाषा शिकवायची यापेक्षा चांगली रीत कोणत्या पुस्तकात आहे?

एप्रिलच्या सुरुवातीला ती गेली. शेवटच्या रविवारी ओव्हर दिला. खिडकी बंद केलेली, फळा पुसलेला, सर थकलेले. त्यात एक जास्तीचं होतं. मिस्टर, एकटे ठेवलेले. दर बुधवारी बघून यावं. मी ‘घेतला’ म्हणालो. माझं ते ‘घेतला’ पहिल्यांदाच मनापासून होतं.

दर बुधवारी मी अजनीला जायचो. मिस्टर खिचडी करायचे आणि फोन लावायचे. तिकडची एकेक गोष्ट कळायची. पहिल्या दिवशी सिस्टर घरात शिरली, हात धुतले, खाटेजवळ गेली, विहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि वळवण्याआधी सांगितलं, आता तुम्हाला उजव्या कुशीवर घेते. विहिणीने डोळे उघडून बघितलं आणि रडायलाच लागली. सहा महिन्यांत कोणी तिला आधी सांगितलं नव्हतं.

“समजते का सगळं?” मी फोनवर विचारलं.

“ती बोलते ते मले अर्धं समजते, बाबू. मी विचारते ते तिले पूरं समजते. भागते.” तिकडे गेल्यापासून मी तिचा ‘सर’ नव्हतो, बाबू होतो.

आणि एक गंमत तिने सांगितली. तिथे ड्युटी बदलायला दुसरी सिस्टर नव्हती. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, ओव्हरच्या दोन वेळा. द्यायचा कोणाला? तर ही विहिणीलाच द्यायची. खाटेजवळ ताठ उभी राहून. तुम्हाला अंघोळ घातलेली, औषध दिलेलं, चादर बदललेली, तुम्ही आता बसलेल्या, न घाबरलेल्या. विहीण सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “रेथिबीदो.” म्हणजे घेतला. हा शब्द सिस्टरने तिला शिकवला नव्हता. तिचा तिनेच दिला.

वृद्धाश्रमाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. सुनेची बदलीही नक्की झाली. सिस्टरचं परतीचं तिकीट जूनच्या शेवटी होतं. मिस्टरांनी भिंती रंगवायला काढल्या.

जूनचा दुसरा की तिसरा रविवार असेल. साडेअकरा वाजले होते, वर्ग भरलेला, कूलर घरघरत होता. फोन वाजला. सिस्टरचा. वर्गाच्या वेळात ती कधीच फोन करत नसे, म्हणून मी उचलला.

“बाबू, वर्गात आहे का? कूलर बंद कर.”

मी बंद केला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, टेबलासमोर उभं राहून बोलायची तसा.

“तिकडं किती वाजले, सिस्टर?”

“आठ. ओव्हरची वेळ झाली. पोरगा डॉक्टरले आणाले गेला, सून खाटेच्या पायथ्याशी बसून आहे, तिच्यानं होत नाही. इथं घेणारं कोनी नाही राहिलं, बाबू. तुले देते. घेशील?”

काय ते मला समजलं. मी हो म्हणालो आणि माझ्या नकळत खुर्चीतून उठून उभा राहिलो. माझ्यामागे सगळा वर्ग उभा राहिला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ती स्पॅनिशमध्ये सांगू लागली. सावकाश, एकेक शब्द.

“पहाटे पाणी दिलेलं. पाजलेलं.” ते शब्द तिच्या डाव्या रकान्यातले, न बदलणारे. मग उजवा रकाना सुरू झाला. “लावादा.” अंघोळ घातलेली. “पेइनादा.” केस विंचरलेली. “वेस्तीदा.” निळा झगा घातलेली, तिला आवडायचा तो. “डोळे, मिटलेले. हात, जुळवलेले. आपल्या घरात, आपल्या खाटेवर.” एकही चूक नाही. प्रत्येक शब्द त्या बाईप्रमाणे फिरलेला. बाराव्या हट्टी पेशंटची मी वाट बघत होतो. तो शब्द तिने तेव्हाही उच्चारला नाही.

मग पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

“लोस पिएस, लावादोस.” पाय, धुतलेले. “सेकादोस.” पुसलेले.

मग मराठीत, अगदी हळू, “बोटांच्या मधात पण, बाबू.”

पुढच्या बाकावरच्या पोरीने तोंडावर ओढणी धरली. माझ्या डोळ्यांसमोर फळा गढूळ झाला. रेथिबीदो म्हणायचं होतं. आठ वर्षं शिकवलेला शब्द. तो निघेना. ती पलीकडे थांबलेली होती, मला ठाऊक होतं ती कशी उभी असेल. मी म्हटल्याशिवाय ती त्या खाटेजवळून हलणार नव्हती.

“घेतला, सिस्टर,” मी म्हणालो. “घेतला.”

“हव,” ती म्हणाली. “मंग बसते आता जराशी.”